गाड्यांची रांग आणि घराचं दार : सैनिकाच्या अंत्ययात्रेवर एक पाठ



चौथीच्या वर्गात चित्रकलेचा तास होता. विषय दिला होता 'शूर सैनिकाला मानवंदना'. मुलांनी लगेच रंगपेट्या उघडल्या. अर्ध्या तासाने चित्रं गोळा केली तर जवळजवळ प्रत्येक कागदावर एकच दृश्य होतं. फुलांनी सजवलेला ट्रक, त्याच्यापुढे मोटारसायकलींची रांग, प्रत्येक गाडीवर तिरंगा. दोन-तीन मुलांनी तर गाड्यांच्या सायलेन्सरमधून निघणारा धूरही रंगवला होता.

एकाच मुलीचं चित्र वेगळं होतं. तिने घर काढलं होतं. दार उघडं, दारात एक बाई बसलेली, आणि बाईचे दोन्ही हात कानांवर.

मी विचारलं, "हे काय काढलं गं?"

ती म्हणाली, "मॅडम, हे माही मोठी माय हाये. मोठे बाबा फौजीत होते. त्याइले आनलं तवा लय गाड्या आल्त्या. मोठी माय म्हने, थ्या गाड्या बंद करा ना बाप्पा."

वर्ग शांत झाला. मलाही पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. गाड्या घेऊन आलेली पोरं वाईट नव्हती. ती कामधंदा सोडून, स्वतःच्या पैशाचं पेट्रोल टाकून आली होती. त्यांना मान द्यायचा होता. तरीही ज्या घरासाठी ती आली, त्या घरातल्या बाईला कानांवर हात ठेवावे लागले. असं का झालं असेल, हा प्रश्न घेऊन मी पुढचे चार तास या विषयावर पाठ घेतला. तोच इथे मांडते आहे. तिसरी ते सातवीपर्यंत थोड्या फरकाने घेता येईल. मराठी, परिसर अभ्यास आणि नागरिकशास्त्र, तिन्ही विषय यात येतात.

१. सुरुवात आपल्या रस्त्यापासून

पांढरकवड्याच्या मुलांना 'हैदराबाद रोड' माहीत असतो. नागपूर, बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी, करंजी आणि मग पांढरकवडा. पुढे पाटणबोरीवरून तेलंगणात. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४. तो श्रीनगरहून निघतो आणि कन्याकुमारीला संपतो.

भारताचा नकाशा भिंतीवर लावून मी मुलांना या रस्त्यावरून बोट फिरवायला सांगितलं. बोट वर नेत नेत जम्मूच्या पुढे गेलं, तेव्हा थांबवलं. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा जिल्ह्यातल्या लेथपोरा इथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळवण्यात आली आणि ४० जवान गेले, ते याच महामार्गावर.

"आपल्याच रोडवर, मॅडम?"

हो, आपल्याच रोडवर. इथून दोन हजार किलोमीटरच्या आसपास दूर, पण रस्ता तोच. एरवी पुलवामा म्हणजे मुलांसाठी टीव्हीतलं गाव. नकाशावर बोट फिरवल्यावर ते आपल्या रस्त्यावरचं एक ठिकाण झालं.

त्या ४० जवानांमध्ये विदर्भातले दोघे होते, दोघेही बुलढाणा जिल्ह्यातले : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्याआधी १८ सप्टेंबर २०१६ रोजी उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला. त्यात महाराष्ट्रातले चार जवान गेले. एक साताऱ्याचा, एक नाशिकचा, एक अमरावतीचा आणि एक आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा. वणी तालुक्यातल्या पुरडचे विकास जनार्दन कुळमेथे. वणी इथून काही फार लांब नाही. वर्गातल्या चार-पाच मुलांचे मामा, आत्या वणीकडचेच निघाले.

इथे एक बारीक गोष्ट मुलांना जरूर सांगा. उरीला गेलेले भूदलाचे जवान होते, पुलवामात गेलेले केंद्रीय राखीव पोलीस दलाचे. भूदल संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं, राखीव पोलीस दल गृह मंत्रालयाच्या. आपण सगळ्यांनाच 'मिलिटरीवाले' म्हणतो. मान दोघांनाही सारखाच द्यायचा, पण कोण कुठे काम करतं हे माहीत असावं.

२. शब्द नीट वापरू या

मुलं पटकन 'शहीद' म्हणतात. बातम्यांमध्ये, बॅनरवर तोच शब्द असतो. पण सेनादलांच्या कामकाजात 'शहीद' हा अधिकृत शब्द नाही, असं केंद्र सरकारने संसदेत स्पष्ट केलेलं आहे. लोकांनी तो आदराने वापरला तर त्यात गैर काही नाही. मराठीत मात्र आपल्याकडे आणखीही शब्द आहेत.

- वीरमरण : 'त्यांना वीरमरण आलं.' घडलेली गोष्ट सांगणारा शब्द.
- वीरगती : अर्थ जवळपास तोच, भाषा थोडी जुन्या वळणाची.
- हुतात्मा : हुत म्हणजे आहुती दिलेलं. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. मुंबईच्या हुतात्मा चौकामुळे हा शब्द मुलांनी ऐकलेला असतो.
- वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी : मागे राहिलेल्यांसाठीचे शब्द.

शेवटच्या ओळीवर मी जास्त थांबले. सैनिक गेल्यावर आपण त्याच्यासाठी घोषणा देतो. पण ती घोषणा ऐकणारे कान वीरमातेचे असतात. वर्गातल्या त्या चित्रात नेमकं हेच होतं.

३. लष्करी अंत्यविधीत काय काय होतं?

मुलांनी हे व्हिडिओत पाहिलेलं असतं, पण प्रत्येक गोष्टीचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो. साध्या शब्दांत असा सांगता येतो.

तिरंगा : शवपेटीवर राष्ट्रध्वज पांघरतात. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो. ध्वज चितेवर जाळत नाहीत किंवा खड्ड्यात उतरवत नाहीत. अग्नी देण्याआधी तो काढून, सन्मानाने घडी घालून कुटुंबाच्या हाती देतात. हा मान सरकारी इतमामाच्या, लष्करी आणि केंद्रीय सशस्त्र दलांच्या अंत्यविधीसाठीच आहे. खासगी अंत्ययात्रेत राष्ट्रध्वज पांघरता येत नाही.

पुष्पचक्र : अधिकारी आणि प्रशासनाचे प्रतिनिधी शवपेटीजवळ पुष्पचक्र ठेवतात, एक पाऊल मागे होतात आणि सॅल्यूट करतात.

शोक शस्त्र : हा हुकूम झाला की जवान बंदुकीची नळी खाली करतात आणि मान झुकवतात. एरवी शस्त्र वर असतं, आज ते खाली आहे. 'आता लढाई नाही, आता दुःख आहे' असं मी मुलांना सांगितलं.

बंदुकीच्या फैरी : हवेत तीन फैरी झाडतात. काडतुसं कोरी असतात, त्यात गोळी नसते.

बिगुल : 'लास्ट पोस्ट' ही धून वाजते. छावणीत दिवसाचं काम संपलं की वाजायची ती ही धून. सैनिकाचा दिवस संपला, आता त्याने विश्रांती घ्यावी, असा तिचा अर्थ.

आता फळ्यावर दोन रकाने केले : 'आवाज' आणि 'शांतता'. वरच्या पाच गोष्टींमध्ये आवाज कुठे आहे? मुलांनी शोधलं. फैरी आणि बिगुल. हुकूम धरला तर तीन. बाकी सगळं शांत. आणि जो आवाज आहे तोही मोजलेला, ठरलेल्या वेळेचा. एका मुलाने स्वतःहून विचारलं, "मग गाड्याइचा आवाज कोनत्या रकान्यात लिहाचा, मॅडम?"

मी म्हटलं, आधी दुसऱ्या देशातली एक गोष्ट ऐका, मग ठरवू.

४. अमेरिकेतल्या मोटारसायकलवाल्यांची गोष्ट

अमेरिकेत कॅन्सस नावाचं राज्य आहे. तिथे टोपेका शहरात एक छोटा धार्मिक गट होता, बराचसा एकाच घराण्यातल्या माणसांचा. देश पापी झाला म्हणून देव सैनिकांना मारून शिक्षा करतो आहे, असं त्यांचं म्हणणं. इराकच्या युद्धात मेलेल्या सैनिकांचे अंत्यविधी असायचे, तिथे हे लोक फलक घेऊन उभे राहायचे. सैनिक मेला हे बरं झालं, असा मजकूर त्या फलकांवर असायचा. कल्पना करा, आई रडते आहे आणि समोर असे फलक.

२००५ मध्ये त्याच कॅन्ससमधल्या मलव्हेन गावातल्या मोटारसायकलस्वारांनी, त्यात बरेच माजी सैनिक होते, ठरवलं की हे त्या कुटुंबांना दिसू द्यायचं नाही. त्यातून 'पॅट्रियट गार्ड रायडर्स' ही संघटना उभी राहिली आणि पुढे देशभर पसरली. ते करतात काय? अंत्ययात्रेच्या सोबत गाड्या चालवतात. अंत्यविधीच्या जागी पोचले की गाड्या उभ्या करतात आणि हातात मोठाले ध्वज घेऊन रांगेत उभे राहतात. ती रांग म्हणजे एक भिंत. कुटुंब एका बाजूला, फलकवाले दुसऱ्या बाजूला. तिकडून आरडाओरडा झाला तर कधी कधी गाड्या सुरू करून इंजिनच्या आवाजात तो बुडवायचा. एरवी गप्प उभं राहायचं. भांडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही.

त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा नियम असा : कुटुंबाने बोलावलं तरच जायचं.

हा वाद पुढे कोर्टातही गेला. एका मृत सैनिकाच्या वडिलांनी त्या गटावर खटला भरला. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला तो त्या गटाच्या बाजूने. सार्वजनिक जागी उभं राहून, कितीही दुखावणारं असलं तरी, मत मांडण्याचा हक्क त्यांना आहे, असं न्यायालय म्हणालं. मोठ्या वर्गांत यावर चांगली चर्चा होते. लहानांना एवढंच सांगा की जिथे कायदा पुरा पडला नाही तिथे ही माणसं भिंत होऊन उभी राहिली.

आता परत फळ्याकडे. तिथे गाडीचा आवाज कशासाठी होता? शिवी झाकण्यासाठी. आपल्याकडे सैनिकाच्या अंत्ययात्रेत कुणी शिवी देतं का? नाही. अख्खा गाव रस्त्यावर येतो, दुकानं बंद ठेवतो, चुली पेटत नाहीत. मग आपला आवाज काय झाकतो?

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "रडनं."

या पाठात मला मुलांपर्यंत जे पोचवायचं होतं, ते त्या एका शब्दात आलं.

५. शांत राहून दिलेला मान

इंग्लंडमध्ये वूटन बॅसेट नावाचं छोटं गाव आहे. २००७ ते २०११ या काळात इराक आणि अफगाणिस्तानात गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या शवपेट्या जवळच्या विमानतळावर उतरायच्या आणि या गावाच्या मुख्य रस्त्यावरून पुढे जायच्या. आधी काही माजी सैनिक रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मग दुकानदार बाहेर येऊ लागले, मग सगळं गाव. चर्चची घंटा वाजायची, गाड्या थांबायच्या, लोक माना खाली घालायचे आणि काही मिनिटांनी आपापल्या कामाला लागायचे. भाषण नाही, मंच नाही. चार वर्षांत ३४५ सैनिक त्या रस्त्यावरून गेले. २०१० मध्ये हजारो मोटारसायकलस्वार या गावाचे आभार मानायला आले, पण त्यासाठी त्यांनी स्वतंत्र दिवस निवडला, अंत्ययात्रेचा नाही. नंतर त्या गावाला राणीने 'रॉयल' हा बहुमान दिला.

आणि एक आपल्या माणसाची गोष्ट. मूळचे औरंगाबादचे, बंगळुरूत राहणारे उमेश गोपीनाथ जाधव. पुलवामाच्या घटनेनंतर ते आपली गाडी घेऊन निघाले. त्या ४० जवानांच्या घरी गेले आणि प्रत्येक ठिकाणची मूठभर माती गोळा केली. रात्री बहुतेक गाडीतच झोपायचे. असे त्यांनी सुमारे ६१,००० किलोमीटर कापले आणि १४ फेब्रुवारी २०२० ला, बरोबर एका वर्षाने, मातीचा तो कलश लेथपोरा इथे जवानांच्या स्वाधीन केला. मुलांना मी विचारलं, जाधवकाका त्या घरी पोचले तेव्हा सगळ्यात आधी काय केलं असेल? एकीने उत्तर दिलं, "गाडी बंद केली असन. मंग दार वाजवलं असन."

६. मग रॅली काढायची की नाही?

हा प्रश्न पालकांनीही मला विचारला. माझं मत सांगते. गाड्या घेऊन जाण्यात चूक नाही. नागपूरच्या विमानतळापासून गावापर्यंतचा प्रवास एकट्या ट्रकने करावा, त्यापेक्षा आपली पोरं पुढेमागे असावीत, यात माया आहे. रस्त्यावरच्या माणसाला कळतं की कोण चाललं आहे. पण काही गोष्टी ठरवून कराव्या लागतील. वर्गात मुलांनीच ही यादी तयार केली, मी फक्त नीट लिहून काढली.

- आधी घरच्यांना विचारायचं. त्यांच्या गावातल्या एखाद्या जबाबदार माणसामार्फत विचारलं तरी चालेल.
- हॉर्न नाही, रेस देणं नाही, आवाज करणारे सायलेन्सर नाहीत.
- एका गाडीवर दोघंच. चालवणाऱ्याचे दोन्ही हात हँडलवर, ध्वज मागच्याच्या हातात.
- दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आहेच, पण ते सोडा. एका घरी अंत्ययात्रा असताना दुसऱ्या घरी दुःख जाऊ नये.
- रस्त्याची एक बाजू मोकळी. मागून रुग्णवाहिका आली तर तिला आधी वाट.
- गावाच्या वेशीवर इंजिन बंद. तिथून पुढे पायी.
- ध्वज जमिनीला लागू द्यायचा नाही. कागदी ध्वज रस्त्यावर टाकायचे नाहीत. गाडीच्या टपावर, बोनेटवर तो पांघरायचा नाही, ध्वजसंहितेत त्याला मनाई आहे.
- चितेजवळ सेल्फी नाही. घरच्यांच्या रडण्याचा व्हिडिओ नाही.

पालकांसाठी एक गोष्ट वेगळी लिहिते. अशा रॅलीत आठवी-नववीतली पोरं वडिलांची गाडी घेऊन सर्रास दिसतात. देशासाठी चालला आहे, कशाला अडवायचं, असं आपल्याला वाटतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाची भीती दाखवायला हे सांगत नाही. सैनिकाचं सगळं आयुष्य शिस्तीत गेलेलं असतं. त्याला निरोप देताना आपण नियम मोडले तर तो मान कसा होईल?

७. वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. नकाशा : महामार्ग ४४ वर लेथपोरा, जम्मू, दिल्ली, नागपूर, पांढरकवडा, कन्याकुमारी दाखवणे.

२. दोन मिनिटांची शांतता : घड्याळ लावून खरोखर दोन मिनिटं गप्प बसणे. नंतर विचारा, कोणकोणते आवाज ऐकू आले? आमच्या वर्गात पंखा, चिमणी आणि लांबून एसटी ऐकू आली. शांत राहणं किती अवघड असतं ते मुलांना कळतं.

३. माजी सैनिकांशी गप्पा : गावातल्या माजी सैनिकाला बोलवा. लढाईबरोबरच 'घरची आठवण कधी यायची?' हाही प्रश्न विचारू द्या.

४. ध्वजदिन : ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन, १९४९ पासून पाळला जातो. निधी कुणासाठी असतो ते सांगून मगच स्टिकर द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं काम मोठ्या मुलांना समजावून सांगा.

५. राष्ट्रीय समर स्मारक : दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या हजारो सैनिकांची नावं ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. मोबाइलवर फोटो दाखवा आणि नावं मोठ्याने वाचायला लावा.

६. तेराव्यानंतर : गर्दी पांगल्यावर त्या घराला काय लागत असेल, यावर पाच वाक्यं लिहिणे. हा उपक्रम अजिबात चुकवू नका. माझ्या मुलांनी लिहिलं : पऱ्हाटी वेचायला माणसं, बँकेचे कागद भरून द्यायला कोणी, त्यांच्या पोराला शाळेत सोबत, आजीला दवाखान्यात नेणारी गाडी. शेवटचं वाचून मी त्या मुलाला म्हटलं, "बघ, इथं लागते मोटारसायकल."

चर्चेसाठी प्रश्न

- मान देणं आणि मान दिल्याचं दाखवणं, यात फरक काय?
- अंत्ययात्रेत आवाज कधी उपयोगी ठरतो, कधी त्रास देतो?
- कुटुंबाने 'येऊ नका' म्हटलं तर आपण रागवायचं का?

शेवटी

एक सूचना अनुभवाने करते. हा पाठ घेण्याआधी वर्गात अशा घरचं मूल आहे का, ते पाहा. मी पाहिलं नव्हतं. माझ्या वर्गात ती मुलगी होती आणि तिच्या चित्रामुळेच मला कळलं. अशा मुलाला सगळ्यांसमोर बोलायचा आग्रह करू नका. तिच्या आई-वडिलांना मी आधी भेटले, विचारलं आणि मगच पुढचे तास घेतले. हे लिहिण्यासाठीही त्यांची परवानगी घेतली आहे.

चौथ्या तासाला मी चित्रं परत दिली आणि म्हटलं, कुणाला काही बदलायचं असेल तर बदला. कुणी गाड्या खोडल्या नाहीत, मला ते नकोही होतं. पण एकाने गाड्या गावाच्या कमानीबाहेर उभ्या केल्या. एकाने सगळ्यांना हेल्मेट घातले. एका मुलाने धूर पांढऱ्या रंगाने झाकला.

त्या मुलीने आपल्या चित्रातल्या मोठ्या मायचे हात काही कानांवरून काढले नाहीत. तिने फक्त शेजारी आणखी एक बाई काढली, बसलेली, काही न बोलणारी. "हे कोन गं?" म्हटलं तर म्हणाली, "शेजारची काकू. थे रोज येते."